लहान खुर्च्या

गुरुवारी साडेसहाला आम्ही बालवाडीत बसतो,
वाळपईच्या बाजारामागे, पिठाच्या गिरणीला लागून.
खुर्च्या चार वर्षांच्या पोरांच्या मापाच्या,
गुडघे छातीशी येतात,
कुणालाच ऐटीत बसता येत नाही.
भिंतीवर अ अननसाचा, आ आगबोटीचा.
उर्सुला बाय म्हणते, या वयात पुन्हा मुळाक्षरं.
आधी नाव सांगायचं.
मग किती दिवस.

मी शाबलो माजीक. दोनशे अकरा.
तुळसो, सहा.
मागच्या गुरुवारी त्याचे नव्वद होते.
मिंगेलनं आपली खुर्ची सरकवून
त्याच्या खुर्चीला टेकवली,
प्लास्टिक लादीवर करकरलं,
शेजारी गिरणी चालूच होती.

पहिले दोन महिने
नाव आणि दिवस सांगून मी गप्प.
घशात पिसुर्ल्याचं वळण अडकलेलं.
पहाटेचे पाच, तिसरी खेप,
मागे दहा टन खनिज
आणि डोळ्यांत न झोपलेली रात्र.
सायकल दिसली तेव्हा ती आडवी झाली होती.
दुधाचा कॅन उतारावरून गडगडत गेला,
कॅन एकीकडे, झाकण एकीकडे,
बराच वेळ.
माणसाचा आवाज आलाच नाही.
तांबड्या रस्त्यावर दूध पसरलं, मग गुलाबी झालं.
धुळीनंच झालं असेल,
असं मी चौदा वर्षं म्हणत आलो,
क्वार्टरमागून क्वार्टर.
कोर्टानं सोडलं. खाण बंद पडली. ट्रक विकला.
वळण कुणी विकत घेईना.

आमचा चहा यायचा ॲल्युमिनियमच्या कॅनमधून.
उर्सुला बाय झाकण काढून लादीवर ठेवायची.
झण्ण.
तोवर मी दारापाशी पोचलेला असायचो,
विडी ओढायचं निमित्त करून.
एका गुरुवारी चहा थर्मासातून आला,
जुना, लाल, बुचाला फडकं गुंडाळलेला.
मी विचारलं, कॅन?
"गळटा," ती म्हणाली,
आणि मान वर न करता कप भरत राहिली.

त्याच संध्याकाळी मी सांगितलं.
वळण, झाकण, दूध.
विसर, असं कुणी म्हणालं नाही.
तुझी चूक नव्हती, असंही नाही,
कारण थोडी होती.
तुळसो रडला, त्याच्या स्वतःच्या कशासाठी तरी.
मिंगेलनं विचारलं, त्याचं नाव काय होतं?
इतक्या वर्षांत हे पोलिसांनी सोडून
कुणी विचारलं नव्हतं.
झिलू, मी म्हणालो. झिलू गावस.
आणि त्या खोलीत
एक खुर्ची जास्त असल्यासारखं झालं.

आता एप्रिल आहे. आमच्यासाठी वाईट महिना.
गावोगाव काजूच्या भाट्या पेटल्यात,
हुर्राकाचा वास देवळाच्या पायरीवर,
चादरीत, वाळत घातलेल्या सदऱ्यात.
माझ्या मेव्हण्याची भाटी तर वाटेवरच.
म्हणून मिंगेल स्कूटर घेऊन येतो,
आणि बोंडांचा ढीग दिसला की
आम्ही दोघं पन्नाशीतले बाप्ये
नाक चिमटीत धरतो,
म्हादईत बुडी मारणाऱ्या पोरांसारखे.
पुलापलीकडे गेल्यावरच श्वास.
तो हसतो, मला खोकला येतो.
काही दिवशी वास तरीही आत शिरतो.
मग पुलावर थांबायचं,
तो गप्प, मी गप्प,
जाईपर्यंत.

काल तुळसोच्या हातून थर्मास फुटला.
तुकडे गोळा करताना तो तीनदा माफी मागून बसला.
चहा आला कॅनमधून.
उर्सुला बायनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, काढ.
झाकण लादीवर टेकलं,
वाजलं,
गोल फिरत फिरत बराच वेळ वाजलं.
मी जागच्या जागी होतो.
तसंही या खुर्चीतून
पटकन उठता येत नाही.